रुग्णशुश्रूषेंत मलशुद्धीचें स्थान
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय मीं घरीं सांगितला तेव्हां मंडळींनीं नाकाला पदर लावला. छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविणाऱ्या मास्तरानें म्हातारपणीं नभोवाणीवर बोलावयाचें, आणि तें शौचाविषयीं! त्यांच्या संकोचाचा मला राग येत नाहीं, कारण तो संकोच माझाही होता. जेवणाविषयीं आपण चारचौघांत तासन् तास बोलतों; तें जेवण पुढें शरीरांतून कसें बाहेर पडलें, हा प्रश्न मात्र सभ्य माणसानें विचारूं नये असें आपण धरून चालतों. निरोगी माणसाच्या बाबतींत हें खपून जातें. आजाऱ्याच्या खोलींत हा संकोच फार महाग पडतो. तो किती महाग पडतो हें मीं माझ्या घरांत पाहिलें, म्हणूनच हा विषय घेतला आहे. मी वैद्य नाहीं कीं डॉक्टर नाहीं. मॅट्रिक झालेला एक निवृत्त शाळामास्तर आहें.

गोष्ट 2019 सालच्या मे महिन्यांतील. आमच्या चंद्रपुरास त्या दिवसांत पारा 45 अंशांच्या वर गेला तर कोणी नवल करीत नाहीं. माझी आई, वय पंचाऐशींच्या पुढें, अंगणांत पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया चांगली झाली. दहाव्या दिवशीं आम्हीं तिला घरीं आणलें आणि पुढच्या खोलींत तिचा पलंग मांडला. वेदना कमी व्हाव्यात म्हणून गोळ्या होत्या, हाडासाठीं कॅल्शियम होतें, रक्तासाठीं लोह होतें. आम्ही औषधांच्या वेळा घड्याळ लावून पाळीत होतों. आठवड्यानें तिला पातळ शौचास होऊं लागलें. दिवसांतून पांच-सहा वेळां थोडें थोडें पाणी जाई, वस्त्र खराब होई, आणि ती बिचारी भिंतीकडे तोंड करून पडून राही. मीं काय केलें? औषधाच्या दुकानांत गेलों, "आईला जुलाब होत आहेत" एवढेंच सांगितलें आणि जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या आणल्या. दोन दिवसांत पातळ जाणें थांबलें. पण पोट फुगलें, अन्न नकोसें झालें आणि आई बरळूं लागली.

जखमेची पट्टी बदलावयास एक तरुण परिचारिका येत असे. गडचिरोलीकडील मुलगी, बोलणें थोडें, हात हलका. तिनें पट्टी बाजूला ठेवली आणि मला विचारलें, "गुरुजी, जुलाब सुरू होण्याच्या आधीं आजींना नीट शौचास कधीं झालं होतं?" मला उत्तर देतां आलें नाहीं. जन्मभर मुलांकडून पाढे म्हणवून घेतले, पण घरांतले सात दिवस मला मोजतां आले नव्हते! मग ती आईच्या उशाशीं बसली आणि "आजी, पाणी किती पिता?" म्हणून हळूच विचारूं लागली. आई बराच वेळ गप्प राहिली. शेवटीं म्हणाली, "पोरी, रात्री सुनेले उठवा लागते. म्हणून दिवस बुडाला का मी पाणीच पेत नाही. जेवणबी कमीच घेतो."

श्रोतेहो, रोज तिच्या पलंगापाशीं बसणाऱ्या मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. मीं कधीं विचारलें नाहीं, तिनें कधीं सांगितलें नाहीं. आम्हां दोघांमध्यें संकोच उभा होता.

परिचारिकेनें डॉक्टरांना तत्काळ कळविलें. त्यांनीं येऊन तपासलें. मलाशयांत मल खड्यासारखा घट्ट होऊन अडकला होता, आणि आम्ही ज्याला जुलाब समजलों तें त्या अडथळ्याच्या बाजूनें झिरपणारें वरचें पातळ द्रव्य होतें. म्हणजे रोग बद्धकोष्ठाचा आणि औषध जुलाब बंद करण्याचें, असा उलटा कारभार मीं केला होता. तेलाचा बस्ती देऊन, मल मऊ करून, दोन दिवसांत मार्ग मोकळा झाला. तिसऱ्या दिवशीं आईनें पेज मागून घेतली आणि बरळणें थांबलें.

हें असें कां होतें, तें समजण्यासाठीं अन्नाचा प्रवास थोडक्यांत पाहूं. आपण गिळलेला घांस जठरांत कांहीं तास घुसळला जातो आणि लहान आंतड्यांत उतरतो. हें आंतडें सुमारें वीस फूट लांब असतें. अन्नांतील सार तेथें रक्तांत शोषलें जातें. उरलेला चोथा मोठ्या आंतड्यांत येतो. तें सुमारें पांच फूट लांब असतें, आणि त्याचें मुख्य काम पाणी परत घेण्याचें. आपण पितों तें पाणी आणि शरीर स्वतः पाझरवितें ते पाचक रस मिळून दररोज आठ-नऊ लिटर द्रव आंतड्यांत येतो. त्यांतून शौचावाटे बाहेर जातें तें साधारण एक-दोन छटाक. एवढ्या काटकसरीनें चालणारा संसार मनुष्याच्या घरांत क्वचितच आढळेल! मल मोठ्या आंतड्यांत जितका अधिक रेंगाळेल तितकें पाणी अधिक शोषलें जातें व तो अधिक कठीण होतो. पडून राहिल्यानें आंतड्याची चाल मंद होते. वेदना थांबविणाऱ्या कांहीं गोळ्या अफूच्या वर्गांतील असतात. त्या वेदनेबरोबर आंतड्यालाही झोप आणतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्यांत भर घालतात. वर मे महिन्याचा घाम आणि पाण्याचा उपास! माझ्या आईच्या पोटावर हीं सर्व कारणें एकाच वेळीं चालून आलीं होतीं.

आतां शुश्रूषा करणारानें या बाबतींत काय पाहावें? फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचें शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तक 1859 सालीं निघालें. त्यांत रुग्णाच्या निरीक्षणासाठीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या आयुर्वेदालाही या विषयाचें वावडें नव्हतें. शरीराचे नैसर्गिक वेग दाबून धरूं नयेत, एवढ्यासाठीं चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एक संपूर्ण अध्याय खर्च झाला आहे. तेव्हां सोवळेपणा हा शास्त्राचा नव्हे, आपला आहे.

पहिली गोष्ट, विचारणें. "पोट साफ आहे ना?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला प्रत्येक भिडस्त माणूस "हो" म्हणतो. निरोगीपणीं या माणसाची संवय काय होती, हें आधीं विचारावें. कोणी दिवसांतून तीन वेळां जातो, कोणी आठवड्यांतून तीन वेळां. दोघेही निरोगी असूं शकतात. म्हणून शेजाऱ्याशीं तुलना करूं नये, त्याच माणसाच्या पूर्वीच्या संवयीशीं करावी. मग शेवटचें शौच कोणत्या दिवशीं झालें, किती झालें, कुंथावें लागलें काय, दुखलें काय, वारा सरतो काय, खाणें-पिणें किती, औषधें कोणतीं, हें एकेक विचारावें. आणि विचारतांना त्याचीच भाषा वापरावी. आमच्या भागांत कोणी "परसाकडे" म्हणतो, कोणी "बाहेर जाणें" म्हणतो. भामरागडच्या रानांत तर माडिया बोली. तेथें पुस्तकी मराठीचाही उपयोग नाहीं. हेमलकशास 1973 सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें रुग्णसेवेस राहिले. रोग्याची बोली शिकल्यावांचून त्या रानांत रोग कळणार नव्हता. शहरांतल्या घरीं तरी निराळें काय आहे? आजी जो शब्द उच्चारावयास लाजत नाहीं, तोच शब्द आपण वापरावा.

दुसरी गोष्ट, पाहणें. ब्रिस्टल येथील लुइस आणि हीटन या संशोधकांनीं 1997 सालीं मलाच्या रूपाचे सात प्रकार सांगणारें एक कोष्टक मांडलें, आणि तें आज जगभर रुग्णालयांत वापरतात. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा व कठीण. दुसरा लांबट पण गांठाळलेला. तिसरा लांबट, वर भेगा असलेला. चौथा मऊ व गुळगुळीत. पांचवा मऊ तुकड्यांचा. सहावा भरड लगद्यासारखा. सातवा निव्वळ पाणी. तिसरा व चौथा हे उत्तम. पहिले दोन बद्धकोष्ठ दाखवितात, शेवटचे दोन अतिसार. परंतु बद्धकोष्ठाच्या मागून अकस्मात् सातवा प्रकार आला, थोडा थोडा व नकळत झिरपूं लागला, तर माझ्या आईची गोष्ट आठवावी.

रंगही बोलका असतो. डांबरासारखा काळा, चिकट व अत्यंत दुर्गंधी मल म्हणजे जठरांत किंवा त्याच्या आसपास रक्त वाहिल्याची खूण. असें दिसतांच रुग्णालय गांठावें. लोहाच्या गोळ्यांनींही मल काळा होतो, पण तो डांबरासारखा चिकट नसतो. ही एवढी गोष्ट न समजल्यामुळें कित्येक गरोदर स्त्रिया भिऊन लोहाच्या गोळ्या टाकून देतात! ताजें लाल रक्त बहुधा खालच्या भागांतून येतें; मूळव्याध समजून तें अंगावर काढूं नये. मुरडा येऊन आंव व रक्त पडणें हा आमांश. तांदळाच्या धुवणासारखें पाणी एकसारखें जाणें ही पटकीची शंका. पांढुरका, मातीसारखा मल व पिवळे डोळे हें पित्ताचा मार्ग अडल्याचें चिन्ह.

तिसरी गोष्ट, पोट तपासणें. हें काम शिकलेल्या हाताचें. पण त्याचा क्रम जाणून घेण्यासारखा आहे. इतर ठिकाणीं आधीं हात लावून मग नळी लावतात. पोटाच्या बाबतींत परिचारिका आधीं पाहते, मग नळीनें ऐकते, आणि हात शेवटीं लावते. कारण दाबल्यानें आंतड्यांची हालचाल बदलते व ऐकूं येणारा आवाज खरा राहत नाहीं. निरोगी पोटांत मिनिटास पांच ते तीस गुडगुडी ऐकूं येतात. फुगलेलें पोट अगदीं निःशब्द झालें, तर तें चिंतेचें कारण.

चौथी गोष्ट, लिहिणें. पलंगाशीं एक साधी वही टांगावी. तारीख, वेळ, प्रकाराचा आंकडा, रंग, प्यालेलें पाणी. एवढें पुरे. मोजण्यानें काय साधतें याचा धडा आमच्याच शेजारच्या जिल्ह्यानें जगाला दिला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 1986 सालीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था काढली. अक्षरशत्रु सुइणींना तान्ह्या बाळाचे श्वास मोजतां यावेत म्हणून त्यांनीं मणी सरकविण्याचें एक साधें साधन तयार केलें. खेड्यांतल्याच बायांना शिकवून त्यांनीं घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली. बालमृत्यु किती कमी झाले त्याचा अहवाल 1999 सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आला. थोडें शिकलेल्या बायांना जें मोजतां येतें, तें शहरांतल्या पदवीधर घरांना कां येऊं नये?

आतां आमच्या या अरण्यप्रदेशाचे कांहीं विशेष सांगतों. रोवणीच्या दिवसांत माणसें बांधींतल्या चिखलांत अनवाणी उभीं असतात. उघड्यावर केलेल्या शौचांतून अंकुशकृमीचीं अंडीं मातींत जातात, तेथें निपजलेल्या अळ्या तळपायाच्या कातडींतून शरीरांत शिरतात, आणि आंतड्याला चिकटून रक्त पितात. मूल निस्तेज होतें, धापा टाकतें, आणि आईबाप म्हणतात, "अंगाला लागत नाहीं." 2015 पासून मुलांना जंताची गोळी देण्याचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो; ती गोळी चुकवूं नये. परंतु शौचकूप आणि पायांत चपला नसतील, तर गोळीनें घालविलेले जंत पुन्हां घरीं येतील.

दुसरा विशेष अधिक भयंकर आहे. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत मण्यार शिरतो. त्याचा दंश पुष्कळदां दुखत नाहीं, त्याची खूणही दिसत नाहीं. माणूस पहांटे उठतो तो पोटांत कळ येते म्हणून. कधीं वांती होते. घरचे ओवा देतात, हिंग लावतात. तेवढ्यांत पापण्या जड होऊन मिटूं लागतात, जीभ अडखळते, गिळतां येत नाहीं, आणि पुढें श्वास थांबतो. रात्रीं भुईवर निजलेला, पहांटे पोट दुखतें म्हणणारा, आणि डोळे उघडे ठेवूं न शकणारा माणूस हा पोटाचा रोगी नव्हे. त्याला पाचक देत बसूं नये. ज्या रुग्णालयांत सर्पविषावरील लस आणि श्वासाची व्यवस्था असेल तेथें तत्क्षणीं न्यावें.

तिसरी गोष्ट लहान मुलांच्या अतिसाराची. 1971 सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकीनें कहर केला आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा यांचें पाणी तोंडानें पाजण्याचा मार्ग धरला. त्यांच्याकडील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा चाराच्या खालीं आलें. त्याच तत्त्वाची पुडी आज प्रत्येक आरोग्यकेंद्रांत मिळते. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच स्वच्छ पाण्यांत ती संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अदमासानें टाकूं नये, आणि चोवीस तासांनंतर उरलेलें पाणी फेकून द्यावें. दोन वर्षांच्या आंतील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्यानें सावकाश पाजावें. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. अंगावरचें दूध चालू ठेवावें. डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सांगण्याप्रमाणें जस्ताच्या गोळ्या पूर्ण चौदा दिवस द्याव्या. बाटलींतलीं रंगीत गोड पेयें हा याला पर्याय नव्हे. मूल मलूल झालें, डोळे खोल गेले, रडतांना अश्रू येईनात, लघवी कमी झाली, पोटाची चिमटींत धरलेली कातडी सावकाश खालीं बसूं लागली, तर घरीं थांबूं नये.

मोठ्या माणसांच्या बद्धकोष्ठाला पहिलें औषध पाणी, दुसरें चोथा आणि तिसरें हालचाल. आमच्या झाडीपट्टींत मुख्य अन्न तांदूळ. कांडलेला पांढरा भात पोट भरतो, पण त्यांत चोथा थोडा. जोडीला भाजी, सालीची डाळ, फळें हवींत. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्यानें मात्र पाण्याचें प्रमाण डॉक्टरांना विचारावें. न्याहारीनंतर आंतड्यांना स्वाभाविक चालना मिळते. आजाऱ्याला त्याच वेळीं, शक्य असेल तर पलंगावरून उठवून, शौचाच्या खुर्चीवर बसवावें. पायांखालीं पाट ठेवावा म्हणजे गुडघे कमरेहून उंच येतात व बैठक उकिडव्यासारखी होते. पडदा ओढावा, दार लोटावें, घाई करूं नये. आडोसा हाही एक औषधोपचारच आहे.

मात्र एक इशारा. पोट फुगलें आहे, शौच नाहीं, वाराही सरत नाहीं, वांत्या होतात. किंवा बेंबीभोंवतीं सुरू झालेली कळ उजव्या कुशींत खालीं येऊन ठाण मांडते. अशा वेळीं एरंडेल, जुलाब किंवा बस्ती यांतलें कांहींही घरीं देऊं नये. आंतडें अडलेलें वा सुजलेलें असतांना त्याला ढोसणें म्हणजे प्राणाशीं खेळ. तसेंच पन्नाशीनंतर जुनी संवय अकारण बदलली, रक्त पडूं लागलें, वजन उतरूं लागलें, तर "वयोमानानें होतें" असें म्हणून स्वस्थ बसूं नये.

माझी आई त्यानंतर दोन वर्षें होती. काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊं लागली. सून रात्रीं दहा वाजतां स्वतः तिला पाणी देई आणि पहांटे उठवून नेई, "आतां याची काय लाज?" असें दोघी एकमेकींना म्हणत. ती वही अजून माझ्याजवळ आहे. पहिलें पान परिचारिकेच्या अक्षरांत आहे, पुढचीं सारीं माझ्या. त्या वहींत दुसरें कांहीं नाहीं, नुसत्या तारखा आणि आंकडे. परंतु आईची इतकी विचारपूस मीं आयुष्यांत पूर्वी कधीं केली नव्हती, हें ती उघडली म्हणजे ध्यानांत येतें.

आपल्या घरांत कोणी वृद्ध माणूस अंथरुणावर असेल, तर आज रात्रीं त्यांच्याजवळ बसून एवढें विचारा, कीं संध्याकाळपासून पाणी प्यालांत काय, आणि कोणाला त्रास नको म्हणून तर तें टाळीत नाहीं ना. उत्तर लगेच आलें नाहीं तर उठूं नका. थोडें बसून राहा.